800 मीटरची रेघ

मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकसाठी आल्पाइन स्कीइंगची, म्हणजे बर्फाळ डोंगरउतारावरून स्कीवर खाली धावण्याच्या शर्यतींची, वाटणी झाली ती अशी: पुरुष बोर्मियोच्या स्तेल्वियो उतारावर, स्त्रिया कोर्तिना द'आम्पेत्सोच्या ओलिंपिया देल्ले तोफानेवर. या निमित्ताने हिवाळी खेळांत अधूनमधून उफाळणारा वाद पुन्हा कानांवर येऊ लागला. एक बाजू म्हणते की, स्त्रिया जोवर पुरुषांच्या उतारांवरून, म्हणजे ऑस्ट्रियातील किट्झब्यूएलच्या श्ट्राइफसारख्या मार्गावरून शर्यत करत नाहीत, तोवर समानतेच्या गोष्टी कोणी करू नयेत. दुसरी बाजू म्हणते की, स्त्रियांचे वजन, ताकद आणि गुडघे वेगळे असल्यामुळे त्यांचे मार्ग वेगळे आणि सौम्य असणेच त्यांच्या हिताचे आहे. दोन्ही बाजूंचा आवेश मोठा आहे. पण ज्या उतारावरून स्त्रिया गेली तीस वर्षे प्रत्यक्ष धावत आहेत, त्याच्याकडे नीट पाहण्याची तसदी दोघांपैकी कोणीही घेत नाही, हे मला या वादाचे सर्वांत मोठे वैगुण्य वाटते.

माझी भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट करतो. स्त्रियांच्या शर्यतीचा मार्ग किती उंचीवरून सुटावा, हे डोंगर, बर्फ, कडेची मोकळी जागा आणि त्या दिवसाचे हवामान यांवरून ठरले पाहिजे. स्पर्धक स्त्री आहे की पुरुष, यावरून ते आधीच ठरलेले नसावे. आज ते तसे ठरलेले आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांनुसार स्त्रियांच्या डाउनहिल, म्हणजे सर्वांत वेगवान उतार-शर्यतीत प्रारंभ आणि अखेर यांच्या उंचीतील फरक 800 मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. पुरुषांच्या विश्वचषक, विश्वविजेतेपद आणि ऑलिम्पिक शर्यतींत तो साधारणतः 800 ते 1,100 मीटर असावा लागतो, अपवादात्मक परिस्थितीत थोडा कमी चालतो. म्हणजे स्त्रियांचे छत जिथे संपते, तिथे पुरुषांचे जोते सुरू होते. ही रेघ पुसली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ती पुसण्यासाठी कोर्तिनाला कमी लेखण्याची मात्र काडीइतकीही गरज नाही, आणि पहिल्या बाजूचे नेमके इथेच चुकते.

ओलिंपिया देल्ले तोफाने हा मार्ग डोलोमाइट पर्वतात, तोफाना शिखरांच्या पायथ्याशी आहे. सुमारे 2,300 मीटर उंचीवरून सुटलेली स्पर्धक साधारण 760 मीटर खाली, रुमेर्लो येथे पोहोचते, आणि त्याला तिला दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. सुटल्यानंतर काही क्षणांतच तोफाना शुस येतो. दोन उभ्या खडकांच्या मधून बर्फाची एक अरुंद घळ खाली कोसळते आणि तिचा उतार जवळजवळ 65 टक्के, म्हणजे सुमारे 33 अंश आहे. वरून येणाऱ्या स्पर्धकाला घळीचे तोंड दिसते, घळीचा तळ दिसत नाही. शर्यतीच्या सकाळी पाहणीच्या वेळी स्पर्धक या तोंडाशी थांबतात, स्की आडव्या करून एकेक हात खाली सरकतात आणि मग डोळे मिटून, हाताच्या पंजाने हवेत वळणे काढत पुढचा मार्ग पाठ करतात. प्रत्यक्ष शर्यतीत याच घळीतून बाहेर पडताना वेग ताशी 130 किलोमीटरच्या आसपास जातो, आणि तो सांभाळूनच पुढच्या लांब, वळत्या पट्ट्यांत शिरायचे असते. इथला बर्फ पाणी मुरवून, गोठवून कठीण केलेला असतो. स्कीच्या पोलादी कडा जराशा बोथट असल्या तरी त्यावर पकड मिळत नाही. वरचा वेग ज्या स्पर्धकाने अर्ध्या क्षणाच्या दुबळेपणाने गमावला, तिला तो खालच्या सपाट भागात परत मिळवता येत नाही. धैर्य, स्मरणशक्ती आणि पायांतली ताकद यांचा इतका कस पाहणाऱ्या या उताराला सोपा म्हणणाऱ्यांनी तो एकदा खालून वर मान करून पाहावा.

या उताराचा इतिहास तर दोन्ही बाजूंना निरुत्तर करणारा आहे. 1956 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तोफानाचा हा उतार पुरुषांच्या डाउनहिलचा होता. ऑस्ट्रियाच्या टोनी साइलरने त्या ऑलिम्पिकमध्ये आल्पाइनची तिन्ही सुवर्णपदके जिंकली, त्यांतले डाउनहिलचे पदक इथले. स्त्रियांची डाउनहिल तेव्हा वेगळ्या, बऱ्याच छोट्या मार्गावर झाली, आणि स्वित्झर्लंडच्या मादलेन बेर्तोने ती आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी जवळजवळ पाच सेकंदांच्या फरकाने जिंकली. ज्या खेळात निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात लागतो, त्यात पाच सेकंद म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पुढे 1993 पासून स्त्रियांचा विश्वचषक जवळजवळ दर जानेवारीत कोर्तिनाला येऊ लागला आणि पुरुषांचा म्हणून आखलेला हा उतार हळूहळू स्त्रियांच्या वेगवान शर्यतींचे मानाचे ठिकाण बनला. अमेरिकेच्या लिंडसे वॉनने इथे बारा विश्वचषक शर्यती जिंकल्या. जानेवारी 2015 मध्ये ऑस्ट्रियाच्या आनमारी मोझर-प्रोलच्या 62 विश्वचषक विजयांच्या विक्रमाची बरोबरी तिने इथेच केली आणि दुसऱ्या दिवशी 63 वा विजयही इथेच मिळवला. 2021 च्या विश्वविजेतेपद स्पर्धेत स्वित्झर्लंडची कोरिन सुटर इथेच डाउनहिलची विजेती ठरली. त्या वेळी पुरुषांसाठी शेजारी व्हर्टिजिने नावाचा नवा मार्ग आखला गेला होता. पुरुषांचा उतार स्त्रियांचा झाला म्हणून डोंगर खचला नाही आणि शर्यतीचा दर्जाही घसरला नाही. मग 'पुरुषांचा उतार' ही निसर्गाने करून दिलेली वाटणी आहे, असे आपण कशाच्या आधारावर मानतो?

आता पहिल्या बाजूचे म्हणणे नीट तपासू, कारण त्यामागची तळमळ मला समजते. वॉनने 2012 मध्ये कॅनडातील लेक लुईझ येथे पुरुषांच्या डाउनहिलमध्ये उतरण्याची परवानगी मागितली होती. तिथे पुरुषांची शर्यत एका आठवड्यात आणि स्त्रियांची पुढच्या आठवड्यात, त्याच डोंगरावर होत असे, आणि तो डोंगर तिच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. कारकिर्दीअखेर तिच्या नावावर तिथले 18 विजय होते. महासंघाने नकार दिला. एका गटाच्या स्पर्धकाला दुसऱ्या गटाच्या शर्यतीत भाग घेता येत नाही, एवढेच कारण पुढे केले गेले. तो नकार मला कोता वाटला होता आणि आजही वाटतो. मात्र त्या मागणीतून निघालेला निष्कर्ष मला पटत नाही. स्त्रीची गुणवत्ता पुरुषांच्या यादीत तिचा क्रमांक कितवा लागतो यावर मोजायची ठरली, तर मोजपट्टी कायमची पुरुषांच्या हातात राहते. जानेवारी 2023 मध्ये वॉन रात्रीच्या दिव्यांत श्ट्राइफवरून खाली आली. ते धाडस विलक्षण होते, आणि स्त्रीला तो उतार झेपतो की नाही हा प्रश्न त्याने कायमचा मिटवला. पण एक धाव म्हणजे शर्यत नव्हे. शर्यत म्हणजे सरावाचे दिवस, पन्नासहून अधिक स्पर्धक, प्रत्येकीसाठी सारखा राखलेला बर्फ, कडेच्या जाळ्या, डॉक्टर, हेलिकॉप्टर आणि 'आज धावायचे नाही' असे सांगण्याचा अधिकार असलेले पंच. हे सगळे स्त्रियांच्या वाट्याला आपल्या शर्यतीत आले पाहिजे. श्ट्राइफ हाच समानतेचा दाखला मानला, तर कोर्तिनात तीन दशके जिंकलेल्या आणि हरलेल्या स्त्रियांनी नेमके काय सिद्ध केले होते? टेनिसमध्ये स्त्रिया तीन सेटचा सामना खेळतात म्हणून विम्बल्डनची विजेती अर्धी विजेती ठरत नाही. तोच न्याय इथे लागू होतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक गंभीर आहे, म्हणून त्याला अधिक जागा द्यावी लागेल. त्यातला पहिला मुद्दा भौतिकशास्त्राचा, आणि तो खरा आहे. उतारावर खाली ओढणारे बळ वजनाच्या प्रमाणात वाढते. हवेचा अडथळा मात्र शरीराच्या समोरच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि तो वजनाइतक्या झपाट्याने वाढत नाही. म्हणून इतर सर्व गोष्टी सारख्या असल्या, तर वजनदार स्पर्धक सरळ आणि सपाट भागांत अधिक वेग गाठतो. सरासरी वजनाने कमी असलेल्या स्त्रियांचा वेग त्याच उतारावर थोडा वेगळा असणार, उडीनंतर त्या वेगळ्या ठिकाणी उतरणार, वळणात त्यांच्या पायांवरचा भार वेगळा असणार. पुरुषांच्या वेगासाठी घडवलेली उडी स्त्रियांच्या वेगाला जशीच्या तशी योग्य असेलच असे नाही. साधनांचे नियमही हा फरक मान्य करतात: डाउनहिलसाठी पुरुषांची स्की किमान 218 सेंटिमीटर लांबीची, तर स्त्रियांची 210 सेंटिमीटरची. हे सगळे मी मान्य करतो. पण यातून निघते ते एवढेच की गेट (स्पर्धकाला ज्यांच्यामधून जावे लागते त्या काठ्या) कुठे रोवायचे, वळण किती उघडायचे, उडीचा माथा किती कापायचा, हे स्त्रियांच्या शर्यतीसाठी स्वतंत्रपणे ठरवावे. ते काम आजही दर शर्यतीआधी होते, त्यासाठी मार्ग आखणारे असतात, सरावाच्या धावा असतात, आणि सरावानंतर मार्ग बदलण्याची मुभा असते. गेट बर्फात रोवायचे असतात आणि उपटायचेही असतात. उंचीची मर्यादा मात्र नियमपुस्तकात छापलेली असते. हलवता येण्याजोग्या गोष्टींनी भागणारी काळजी न हलणाऱ्या आकड्यात कोंडून ठेवण्यात शास्त्र कुठे आहे?

दुसरा मुद्दा मृत्यूचा. 29 जानेवारी 1994 रोजी जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे स्त्रियांच्या डाउनहिलमध्ये ऑस्ट्रियाच्या उलरिके मायरचा मृत्यू झाला. ती सुपर-जीमध्ये (डाउनहिलपेक्षा छोट्या, अधिक वळणांच्या वेगवान शर्यतीत) दोनदा विश्वविजेती ठरली होती. अतिवेगात तिचा तोल गेला आणि मानेला झालेल्या इजेने तिचा जीव घेतला. या घटनेचे स्मरण करून देणाऱ्यांना उलट प्रश्न विचारून गप्प करणे मला शोभणारे वाटत नाही. शर्यतीच्या मार्गाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ती घटना डोळ्यांसमोर ठेवूनच बोलले पाहिजे. पण तिच्याकडे नीट पाहिले तर काय दिसते? तो मार्ग 800 मीटरच्या नियमात बसणारा होता. या मर्यादेने मायरला वाचवले नाही. अपघातानंतर चर्चा झाली ती मार्गाच्या कडेला काय उभे होते आणि बर्फ कसा होता याची, आणि तीच चर्चा योग्य होती. तीन वर्षे आधी, 1991 मध्ये, स्वित्झर्लंडमधील वेंगेन येथे गर्नोट राइनश्टाडलर हा तरुण ऑस्ट्रियन स्पर्धक अखेरच्या टप्प्यात जाळीत अडकून झालेल्या जखमांनी गेला होता. तो पुरुष होता, उतार पुरुषांचा होता, आणि जे चुकले ते जाळीचे. त्याच्या मृत्यूनंतर पुरुषांच्या शर्यतींची उंची कमी करा असे कोणी म्हटले नाही. जाळ्या सुधारा असे म्हटले गेले. पुरुष मेला की जाळी तपासायची आणि स्त्री मेली की स्त्रीची कुवत तपासायची, ही रीत मला मान्य नाही.

कॅनडातील व्हिस्लर येथील 2010 च्या ऑलिम्पिकचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. स्त्रियांसाठीच राखलेल्या, नियमात बसणाऱ्या त्या मार्गावर डाउनहिलच्या दिवशी एकामागून एक स्पर्धक पडल्या. स्वीडनची आन्या पार्सन अखेरच्या उडीवरून सुमारे 60 मीटर हवेत गेली आणि आदळली. (दुसऱ्या दिवशी दुखऱ्या अंगाने तिने सुपर-कम्बाइन्ड या दोन धावांच्या, वेग आणि वळणे दोन्ही पाहणाऱ्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले, हे या खेळातल्या स्त्रियांच्या चिवटपणाबद्दल पुरेसे सांगून जाते.) धोका कुठे होता? एकूण उंचीत नव्हता. थकलेल्या पायांसमोर, अगदी शेवटी ठेवलेल्या एका उडीच्या आकारात होता. ती उडी नंतर कापून कमी केली गेली. उंचीचा आकडा ही सुरक्षिततेची खूण मानली की अशा उड्या नजरेतून सुटतात, ही माझी खरी चिंता आहे.

जानेवारी 2024 मधील दोन आठवडे आठवा. वेंगेनमध्ये तीन दिवसांत तीन वेगवान शर्यती लावल्या गेल्या. सुपर-जीमध्ये फ्रान्सचा अलेक्सी पँतुरो आणि दुसऱ्या दिवशी डाउनहिलमध्ये नॉर्वेचा अलेक्सांडर आमोट किल्डे जायबंदी झाले. पुढच्या आठवड्यात स्लोव्हाकियात, स्वतःच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, पेत्रा व्ल्होव्हाच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले, आणि तेही जायंट स्लॅलम या वळणांच्या शर्यतीत, जिथे उंचीतला फरक डाउनहिलच्या निम्म्याच्या आसपास असतो. मग कोर्तिनात अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन जाळीत गेली आणि त्याच शर्यतीत कोरिन सुटरचा गुडघा गेला. लांब उतार, छोटा उतार, पुरुष, स्त्री, वेगवान शर्यत, वळणांची शर्यत: दुखापतींनी कोणालाच सोडले नाही. तेव्हा खेळाडू आणि प्रशिक्षक बोलत होते ते शर्यतींच्या गर्दीबद्दल, विश्रांतीच्या अभावाबद्दल आणि स्कीच्या अतिआक्रमक रचनेबद्दल.

याला अभ्यासाचाही आधार आहे. नॉर्वेतील क्रीडा-दुखापत संशोधकांनी 2006 ते 2012 या सहा हंगामांतील विश्वचषक स्पर्धकांच्या दुखापती तपासल्या. एकूण दुखापतींचे प्रमाण पुरुषांत अधिक आढळले. गुडघ्याच्या दुखापतींत स्त्री-पुरुषांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. फुटबॉल किंवा हँडबॉलसारख्या खेळांत स्त्रियांच्या गुडघ्याला धोका जास्त असतो हे खरे. तेच गृहीतक विश्वचषकाच्या उतारांवर मात्र टिकत नाही. यावर कोणी म्हणेल की, पुरुष अधिक जखमी होतात त्याचे कारण त्यांचे उतार अधिक कठीण आहेत, म्हणून स्त्रियांना तिथे पाठवणे म्हणजे तोच धोका त्यांच्या माथी मारणे. हा या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे, आणि त्यात तथ्य असणे शक्य आहे. पण तो स्वीकारला तर त्याचे टोक पुरुषांकडेही वळते. उतारच अधिक जखमा करत असेल, तर तो पुरुषांसाठीही दुरुस्त केला पाहिजे. पुरुषांचे मोडलेले पाय ही परंपरा आणि स्त्रियांचे मोडलेले पाय हा इशारा, असे दोन हिशेब एकाच खेळात चालवता येणार नाहीत.

शरीराचे कारण पुढे करून रेघ ओढण्याची पद्धत नवी नाही, म्हणूनच तिच्याकडे संशयाने पाहावे लागते. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रिया प्रथमच 800 मीटर धावल्या. जर्मनीच्या लिना राडकेने शर्यत जिंकली. अनेक धावपटू मार्गावर कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या वृत्तपत्रांनी छापल्या आणि ही शर्यत ऑलिम्पिकमधून काढली गेली. ती परत आली 1960 मध्ये. बत्तीस वर्षे! स्की जंपिंगमध्ये तर 2014 च्या सोची ऑलिम्पिकपर्यंत स्त्रियांना प्रवेशच नव्हता, आणि 2005 मध्ये महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांनी हा खेळ वैद्यकीय दृष्टीने स्त्रियांना योग्य वाटत नाही, असे जाहीरपणे म्हटले होते. 2009 मध्ये खेळाडू कॅनडाच्या न्यायालयात गेल्या. न्यायाधीशांनी भेदभाव झाल्याचे मान्य केले, पण ऑलिम्पिक समिती आपल्या कायद्याच्या कक्षेत येत नाही म्हणून हात वर केले. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये स्त्रियांचे अंतर दीर्घकाळ कमी ठेवले गेले होते. 2022-23 च्या हंगामापासून विश्वचषकात दोघांची अंतरे सारखी झाली, मार्च 2023 मध्ये नॉर्वेतील होल्मेनकोलेनला स्त्रिया 50 किलोमीटर धावल्या आणि रांगनिल्ड हागाने ती शर्यत जिंकली. या प्रत्येक ठिकाणी आधी काळजीची भाषा होती, आणि रेघ पुसल्यावर ज्या अनर्थाची भीती घातली होती तो घडला नाही. गंमत अशी की आल्पाइन स्कीइंग याबाबतीत इतरांच्या पुढे होते. 1931 साली म्यूरेन येथे पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा झाली तेव्हापासून त्यात स्त्रियांची डाउनहिल आणि स्लॅलम (जवळजवळच्या वळणांची शर्यत) आहे. ब्रिटनच्या एस्मे मॅकिननने दोन्ही जिंकल्या. ज्या खेळाने स्त्रियांना पहिल्या दिवसापासून आत घेतले, त्याच खेळाने त्यांच्या डोक्यावर छत टाकून ते इतकी वर्षे जपावे, याचे मला वाईट वाटते.

"पण स्त्रियांना तरी हे हवे आहे का?" असा प्रश्न हमखास येतो. सगळ्यांना नको आहे, हे मान्यच. श्ट्राइफवर धावण्याची इच्छा नसलेल्या स्पर्धक बऱ्याच असतील, आणि त्यात काहीही गैर नाही. तशी इच्छा नसलेले पुरुषही असतीलच. नियमातले छत काढणे म्हणजे कोणावर सक्ती करणे नव्हे. शिवाय इतिहासात खेळाडूंनी आपले मत दिलेले आहे. नॉर्वेतील 1994 च्या लिलेहामर ऑलिम्पिकसाठी स्त्रियांची डाउनहिल आधी हाफ्येल येथे ठरली होती. तो उतार आपला कस पाहणारा नाही अशी तक्रार झाली आणि शर्यत क्वितफ्येलला, बर्नहार्ड रुसीने पुरुषांच्या डाउनहिलसाठी आखलेल्या डोंगरावर हलवली गेली. मायरच्या मृत्यूला तीन आठवडे झाले होते, तेव्हा त्या उतारावर कात्या झाइत्सिंगरने सुवर्णपदक जिंकले. धोका काय असतो हे ज्यांनी नुकतेच डोळ्यांनी पाहिले होते, त्याच स्त्रिया तिथे प्रारंभरेषेवर उभ्या होत्या. अलीकडे, डिसेंबर 2024 मध्ये, अमेरिकेतील बीव्हर क्रीकच्या बर्ड्स ऑफ प्रे या पुरुषांच्या नामांकित मार्गावर स्त्रियांची विश्वचषक डाउनहिल प्रथमच झाली. प्रारंभ पुरुषांपेक्षा खाली होता, मार्ग स्त्रियांसाठी वेगळा आखला होता, आणि कॉर्नेलिया ह्यूटर जिंकली. दुसऱ्या दिवशी सुपर-जी सोफिया गोज्जाने जिंकली. त्या मार्गाला पुरुषांचे नाव चिकटलेले असूनही शर्यत दर्जेदार झाली, कारण ती स्त्रियांसाठी मनापासून तयार केली होती.

हा वाद आपल्यापासून फार दूरचा आहे, असे कोणाला वाटत असेल तर जून 2020 मधले क्रिकेट आठवावे. स्त्रियांचा सामना अधिक आकर्षक करण्यासाठी खेळपट्टी लहान करावी, चेंडू हलका करावा, सीमारेषा आत घ्यावी अशा सूचना चर्चेत होत्या. तेव्हा गोव्याच्या शिखा पांडे हिने जाहीर विरोध केला. ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर धावणारी स्त्री पुरुषांइतकी वेळ दाखवण्यासाठी ऐंशी मीटर धावत नाही, हा तिचा मुद्दा होता, आणि त्याच्या जोडीला तिची मागणी होती ती पंचांच्या निर्णयांची फेरतपासणी, चांगले थेट प्रक्षेपण आणि तंत्रज्ञान स्त्रियांच्या सामन्यांनाही द्या, अशी. मला वाटते, कोर्तिना आणि किट्झब्यूएलच्या वादात जे सांगायला हवे ते या वेगवान गोलंदाजाने नेमके सांगितले होते. खेळाची मापे बदलायची असतील तर ती खेळाडूंच्या अनुभवातून बदलावीत. प्रेक्षकांना काय रुचेल याच्या अंदाजातून किंवा बाहेरच्यांच्या दयेतून बदलू नयेत. आणि माप बदलण्याआधी, त्या मापाभोवती जे उभे असते ते सारखे करावे. विश्वचषकात किमान बक्षिसाची रक्कम स्त्री-पुरुषांना सारखी आहे ही स्कीइंगची मोठी जमेची बाजू आहे. पण मोठ्या बक्षिसांचे, मोठ्या गर्दीचे आणि मोठ्या प्रक्षेपणाचे शनिवार-रविवार आजही पुरुषांच्या जुन्या उतारांभोवती गोळा झालेले आहेत.

आयोजकांची अडचण मी नाकारत नाही. एकाच मार्गावर दोन दिवसांत दोन डाउनहिल घेतल्या तर बर्फ उखडतो, दुसऱ्या शर्यतीला खड्डे आणि घळी मिळतात, सरावाचे दिवस वाढतात, जाळ्या हलवाव्या लागतात, स्वयंसेवक थकतात. किट्झब्यूएल आणि वेंगेनच्या आठवड्यांत आधीच श्वास घ्यायला जागा नसते, आणि जानेवारी 2024 ने दाखवून दिले की गर्दीच जखमा करते. म्हणून उद्याच श्ट्राइफवर स्त्रियांची शर्यत घ्या, अशी माझी मागणी नाही. पण जिथे अलीकडच्या काळात दोघांच्याही शर्यती झाल्या आहेत, त्या क्वितफ्येल, गार्मिश, क्रां-मोंताना आणि बीव्हर क्रीक येथे अडचण कसली आहे? तिथे डोंगर तोच, जाळ्या त्याच, मार्गाला मान्यता देणारे निरीक्षक तेच. स्त्रियांचा प्रारंभ तिथे किती वर असावा, हे नियमपुस्तकाने एका आकड्यात संपवण्याऐवजी प्रत्येक मार्गाच्या मान्यतेच्या वेळी तपासून ठरवता येईल. कुठे ते 700 मीटर ठरेल, कुठे 760, कुठे 850. कोर्तिनात ते आजच्याइतकेच राहिले तरी मला आनंदच आहे, कारण तोफाना शुसच्या वर ओढून लांबवलेला मार्ग अधिक चांगला असेलच असे नाही.

अशा तपासणीत निरीक्षकासोबत त्या मार्गावर धावलेल्या स्पर्धकांच्या प्रतिनिधी असाव्यात, आणि वरून सुटण्याचा प्रयोग करायचा असेल तेव्हा सरावाचे पूर्ण तीन दिवस मिळावेत. पहिल्या दिवशी जुन्या प्रारंभावरून, दुसऱ्या दिवशी नव्या प्रारंभावरून धावावे. उड्यांची लांबी आणि वळणांतला वेग मोजावा. आणि त्या संध्याकाळी स्पर्धकांनी, प्रशिक्षकांनी व पंचांनी मिळून तिसरा दिवस कुठून सुटायचा ते ठरवावे. उडी जास्त लांब जात असेल तर तिचा माथा कापावा. प्रकाश असा मंद असेल की बर्फावरचे चढउतार दिसत नाहीत, बर्फ मऊ पडला असेल, तर प्रारंभ खाली आणावा, आणि तो पुरुषांसाठीही त्याच निकषावर खाली आणावा. क्वितफ्येलला हे एका हंगामात करून पाहता येईल.